हायड्रॉलिक गिअरला हात लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर: लँकेअर ३६० वरचं काम, पायरी-पायरीने

टेकऑफ झाला, गिअर (विमानाची आत दुमडणारी चाकं) आत गेला, तिन्ही दिवे विझले. वीसेक मिनिटांनी सीटमागून घुर्रर्र असा आवाज आला, दोन सेकंद टिकला आणि थांबला. हायड्रॉलिक पंप आपणहून चालू होऊन बंद झाला होता. पुढच्या महिन्यात तोच आवाज दर दहा मिनिटांनी येऊ लागला आणि थंडी पडेपर्यंत दर चार मिनिटांनी. हँगरमधल्या जाणत्या मंडळींचा सल्ला एकच होता, "छोटा ॲक्युम्युलेटर बसवून टाक, आवाज थांबेल."

ॲक्युम्युलेटर म्हणजे दाबलेल्या वायूच्या जोरावर थोडं तेल दाबाखाली साठवणारी छोटी टाकी. तो बसवला असता तर आवाज खरंच थांबला असता, पण आजार आतच राहिला असता. म्हणून सुरुवातीलाच सांगतो. घरी बांधलेल्या विमानाच्या गिअरमध्ये कुठलाही बदल करायचा तर आधी दोन गोष्टी हातात हव्यात. एक, आत्ता यंत्रणा नेमकी कशी वागते याचे लिहून ठेवलेले आकडे. दोन, पंप मेला तरी चाकं आपल्या वजनाने खाली येऊन लॉक होतील याची खात्री, आणि ही खात्री बदलाआधी जशी होती तशीच बदलानंतरही राहिली पाहिजे. पाइप, व्हॉल्व्ह, स्विच हे सगळं त्यानंतर.

मी इथे लँकेअर ३२०/३६० हे किटमधून घरी बांधायचं विमान धरून लिहितोय, कारण हात त्याच विमानावर काळे झालेत. इलेक्ट्रिक पॉवर पॅकवर (मोटर, पंप आणि तेलाची टाकी एकत्र) चालणारा गिअर असलेल्या इतर किट-विमानांनाही यातलं बरंच लागू पडतं. तरी दाब, वेग आणि टॉर्कचे आकडे घ्यायचे ते तुमच्या किटच्या पुस्तिकेतूनच.

यंत्रणा आधी नीट समजून घ्या

लँकेअरमध्ये दोन्ही बाजूला फिरणारी डीसी मोटर असते. ती एका दिशेने फिरली की पंप तेल 'अप' लाइनमध्ये ढकलतो, उलटी फिरली की 'डाउन' लाइनमध्ये. प्रत्येक बाजूला एक प्रेशर स्विच असतो. ठरलेला दाब झाला की तो मोटर तोडतो, दाब उतरला की पुन्हा जोडतो.

यातली खरी मेख अशी की वर गेलेल्या चाकांना धरून ठेवणारं यांत्रिक कुलूप नाही. चाकं वर राहतात ती फक्त कोंडलेल्या तेलाच्या दाबावर. खाली आल्यावर मात्र ओव्हर-सेंटर लिंक (मध्यरेषेपलीकडे जाऊन अडकणारा सांधा) सरळ होऊन यांत्रिक लॉक बसतं, तिथे दाबाची गरज उरत नाही. आणीबाणीसाठी डंप व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की अप आणि डाउन या दोन्ही बाजू एकमेकींना जोडल्या जातात, दाब सारखा होतो आणि चाकं पडतात. मुख्य चाकं वजनानेच येतात. नोज-गिअर मात्र मागच्या बाजूला दुमडलेला असतो, म्हणजे खाली येताना त्याला समोरच्या वाऱ्याशी झुंजावं लागतं. त्याच्या मदतीला गॅस-स्प्रिंग असते. ही स्प्रिंग वयानुसार मऊ पडते. ती मऊ पडली की हँगरमध्ये झकास लॉक होणारा नोज-गिअर हवेत अर्ध्यावर लटकू शकतो.

आता थोडं गणित. एक इंच बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरमध्ये पिस्टनचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस इंच. १००० पीएसआयला (पाउंड प्रति चौरस इंच) जोर होतो ७८५ पाउंड, म्हणजे साधारण ३५६ किलो. ज्या बाजूला अर्ध्या इंचाचा रॉड आहे तिथे क्षेत्रफळ उरतं ०.५८९, आणि तोच दाब असूनही जोर उतरतो ५८९ पाउंडांवर. "जरा मोठा सिलिंडर घालू" किंवा "दाब थोडा वाढवू" असं म्हणणाऱ्याने हे आधी कागदावर मांडावं. वाढलेला जोर हवेत विरत नाही. तो ब्रॅकेटवर, लिंकवर आणि काँपोझिटमध्ये चिकटवलेल्या हार्डपॉइंटवर जातो. प्रेशर स्विचचा स्क्रू पिळून दाब वाढवणं हा मला सगळ्यात वाईट बदल वाटतो, कारण तो पाच मिनिटांत होतो आणि बाहेरून दिसत नाही.

कागदाचं काम

अमेरिकेत एक्स्पेरिमेंटल ॲमॅच्युअर-बिल्ट (हौशी माणसाने बांधलेल्या) विमानावर काम कुणीही करू शकतो. वर्षाची कंडिशन इन्स्पेक्शन मात्र साधारणपणे त्या विमानासाठी रिपेअरमन सर्टिफिकेट मिळालेल्या मूळ बांधणाऱ्याने किंवा ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन यांचा परवाना असलेल्या) मेकॅनिकने करायची. विमान विकत घेतलं असेल तर ते सर्टिफिकेट सोबत येत नाही, हे माझ्यासारख्यांनी लक्षात ठेवायचं. गिअरमधला बदल विश्वासार्हतेवर किंवा उड्डाणाच्या गुणांवर परिणाम करणारा असेल तर तो मेजर चेंज ठरतो. अशा वेळी आपल्या विमानाच्या ऑपरेटिंग लिमिटेशन्स काढून वाचा. साधारणपणे भागातल्या एफएए (अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन) कार्यालयाला कळवून, ठरलेल्या टेस्ट एरियात, प्रवासी न घेता किमान पाच तासांची चाचणी पुन्हा करावी लागते.

कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे 'घरी बांधलेलं विमान' ही गोष्ट आपल्याकडे घराघरांत पोचली. ते वाचून कुणी भारतात असं काम हाती घेणार असेल, तर तिथे डीजीसीएचे नियम वेगळे आहेत. इथला अमेरिकन रिवाज तिकडे चालेल असं धरू नका.

पायरी पहिली: विमान जॅकवर, वही हातात

किटने दिलेल्या जॅक-पॉइंटवरच विमान उचला आणि शेपटीला पुरेसं वजन बांधा. बॅटरीवर भरवसा ठेवू नका, ग्राउंड सप्लाय लावा. व्होल्टेज पडलं की पंप मंदावतो आणि सगळे आकडे खोटे ठरतात. चाकं हलताना विमानाखाली कुणीही नको. लहान मुलं आणि कुत्रा हँगरबाहेर.

मग नोंद करायची: अप करायला किती सेकंद, डाउन करायला किती, पंप थांबतो तेव्हा प्रत्येक बाजूचा दाब, किती दाबाला तो पुन्हा सुरू होतो, आणि डंप व्हॉल्व्ह उघडून चाकं पडायला नि तीन हिरवे दिवे लागायला किती वेळ. प्रत्येक चाचणी तीनदा. सोबत हँगरचं तापमान आणि व्होल्टेज लिहा. हे लिहिल्याशिवाय पाना उचलायचा नाही असा नियमच करा. बदलानंतर "आधीपेक्षा हळू येतंय का रे?" हा प्रश्न पडतोच, आणि वही नसेल तर त्याला उत्तर नसतं.

पायरी दुसरी: दाब कुठून जातोय?

पंप मधूनमधून का चालतो हे कळायला तेलाचा स्वभाव माहीत हवा. तेल जवळजवळ दबतच नाही. समजा अप बाजूला ३०० मिलिलिटर तेल कोंडलंय, पंप १००० पीएसआयला थांबतो आणि ७०० ला सुरू होतो. हे ३०० पीएसआय उतरायला किती तेल निसटावं लागेल? तेलाचा बल्क मॉड्युलस (दबण्याला होणारा विरोध) सुमारे २ लाख पीएसआय धरला तर उत्तर येतं अर्धा मिलिलिटरपेक्षाही कमी, म्हणजे नऊ-दहा थेंब. होज थोडा फुगतो म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त. तरी दहा-पंधरा थेंबांत पंप जागा होतो! त्यामुळे बाहेर तेलाचा टिपूस न दिसता पंप चालतो याचं आश्चर्य वाटून घेऊ नका. ते थेंब आतल्या आत टाकीत परत जात असतात.

तापमानाचंही तसंच. घट्ट कोंडलेल्या तेलाचा दाब दर अंश सेल्सियसला शंभरेक पीएसआयने बदलू शकतो. उन्हात तापलेलं विमान वर थंड हवेत गेलं की तेल आकसतं, दाब पडतो आणि पंप चालतो. ही गळती नव्हे. चढताना दोन-तीनदा चालून नंतर गप्प बसणारा पंप आणि सपाट उड्डाणातही घड्याळ लावल्यासारखा चालणारा पंप यांत फरक आहे. माझा दुसऱ्या प्रकारचा होता.

शोध घ्यायचा तो हँगरचं दार लावून, तापमान स्थिर असताना. आधी बाहेरची गळती बघा. दाबाखालच्या फिटिंगवरून हात फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. सुईच्या भोकातून येणारी तेलाची धार कातडी फोडून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण ती शस्त्रक्रियेची आणीबाणी असते.

बाहेर काही नसेल तर एकेक भाग वगळत जा:

१. गिअर डाउन आणि लॉक, पंपाचा ब्रेकर ओढलेला, डंप व्हॉल्व्ह उघडून दाब शून्य. या स्थितीशिवाय कुठलंही फिटिंग सैल करायचं नाही.

२. एका सिलिंडरची अप लाइन सोडवून तिच्या तोंडाला एएन (विमानांसाठीच्या प्रमाणित मापाचं) टोपण लावा, सिलिंडरचं पोर्टही झाका. डंप व्हॉल्व्ह बंद करून उरलेले दोन पाय वर घ्या आणि तीस मिनिटं दाब बघा. टिकला तर दोष त्या सिलिंडरच्या पिस्टन-सीलचा.

३. तिन्ही सिलिंडर असे पाळीपाळीने वगळा.

४. तिन्ही एकदम वगळूनही दाब पडत असेल तर संशय डंप व्हॉल्व्हवर किंवा पॉवर पॅकमधल्या चेक व्हॉल्व्हवर (तेल एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर). डंप व्हॉल्व्ह दोन्हीकडून टोपण लावून वगळा, पण तो वगळलाय हे सांगणारी लाल पट्टी गिअरच्या हँडललाच बांधा. ती पट्टी असेपर्यंत विमान उडण्यालायक नाही.

माझे तिन्ही सिलिंडर निर्दोष निघाले आणि डंप व्हॉल्व्हही. शेवटी पॉवर पॅक बाकावर घेतला. चेक व्हॉल्व्हच्या सीटवर, गोळीच्या अगदी कडेला, एक पांढरा धागा आडवा पडला होता. लांबी भाताच्या शिताएवढी, जाडी केसाएवढी. टेफ्लॉन टेपचा! विमान आधी ज्याच्याकडे होतं त्याने पॅकच्या टेपर-आट्याच्या फिटिंगला नळकाम करतात तशी टेप गुंडाळली होती. तिचा एक तंतू तुटून तेलाबरोबर फिरत फिरत तिथे येऊन बसला. चिमट्याने तो उचलून पांढऱ्या कागदावर ठेवला आणि बराच वेळ बघत राहिलो. तीनशे तासांच्या माझ्या काळजीचं कारण एवढंसं होतं.

तेव्हापासून आमच्या हँगरमध्ये हायड्रॉलिकला टेप बंद. टेपर आट्यांना ट्यूबमधलं सीलंट, तेही सुरुवातीचे दोन आटे कोरे सोडून. फ्लेअर फिटिंगला (नळीचं तोंड पसरून बसवायच्या) काहीही नाही, तिथे सील धातूवर धातू बसून होतो.

पायरी तिसरी: करण्यासारखे बदल

दोष काढल्यावरच बदल. माझ्या मते फायद्याच्या क्रमाने ते असे.

पंप चालू असल्याचा दिवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. तार घ्यायची ती काँटॅक्टरच्या (मोटरला वीज जोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या) मोटरकडच्या टोकावरून, स्विचकडच्या नव्हे. काँटॅक्टरचे पॉइंट वितळून चिकटले तर स्विच 'बंद' सांगत राहतो, मोटर मात्र फिरतच असते. मोटरकडचा दिवा खरं सांगतो. मोटर दोन दिशांना फिरते, म्हणून दोन दिवे लावा किंवा दोन डायोड घालून एक. तार जिथून निघते तिथेच छोटा फ्यूज. दिवा गरजेपेक्षा जास्त वेळ जळत राहिला की ब्रेकर ओढायचा.

दोन्ही बाजूंना दाबाचं माप. कॉकपिटमध्ये १००० पीएसआयची नळी आणून गेज लावू नका. पॅकजवळ इलेक्ट्रिक सेंडर (दाब मोजून तारेने कळवणारा) बसवा आणि कॉकपिटमध्ये फक्त तार आणा. सेंडरआधी स्नबर (दाबाचे धक्के शोषणारा भाग) घाला म्हणजे धक्क्यांनी तो मरणार नाही.

जुने पाइप आणि होज. पाव इंची नळी ५०५२-ओ ॲल्युमिनियमची असते आणि फ्लेअर ३७ अंशांचा. ऑटोच्या दुकानातलं हत्यार ४५ अंशांचा फ्लेअर काढतं. तो एएन फिटिंगवर बसल्यासारखा दिसतो, सुरुवातीला गळतही नाही, आणि नंतर चिरतो. नट-स्लीव्ह एएन-८१८ आणि एएन-८१९. टॉर्क एफएएच्या एसी ४३.१३-१बी प्रमाणे पाव इंची ५०५२-ओ नळीला ४० ते ६५ इंच-पाउंड, स्टीलच्या नळीला १३५ ते १५०. गळतंय म्हणून ॲल्युमिनियमचा नट आणखी पिळला की फ्लेअर पातळ होतो. उघडा, बघा, नवीन करा. दोन फिटिंगमध्ये नळी कधीही सरळसोट ठेवू नये. एक वळण हवं, म्हणजे कंप आणि आकुंचन ती झेलते.

होजला लांबीच्या ५ ते ८ टक्के ढील द्या, कारण दाबाखाली तो आखडतो. त्यावरची छापील रेघ पिळलेली दिसता कामा नये. गिअर पूर्ण वर, पूर्ण खाली आणि मधल्या प्रत्येक स्थितीत टॉर्च धरून बघा. टेकऑफनंतर टायर अजून फिरत असतो आणि वेगाने थोडा फुगलेलाही असतो. हँगरमध्ये जेमतेम सुटणारी जागा तिथे पुरत नाही.

नळी अरुंद करणं किंवा मध्ये फिल्टर, रिस्ट्रिक्टर, चेक व्हॉल्व्ह घालणं हे सगळं फ्री-फॉलच्या (पंपाशिवाय चाकं पडण्याच्या) वाटेवर येतं. चाकं पडताना सिलिंडरमधलं तेल याच नळ्यांतून बाहेर जातं. चेक व्हॉल्व्ह उलटा बसला तर पंपावर सगळं छान चालेल आणि ज्या दिवशी डंप ओढाल त्या दिवशी चाकं येणार नाहीत. नळ्यांची आकृती काढा, फ्री-फॉलमध्ये तेल कुठून कुठे जातं ती वाट लाल पेनने रंगवा आणि तुमचा नवा भाग त्या लाल रेघेवर येतो का ते पाहा. येत असेल तर तो बदल का हवा, हे स्वतःला पुन्हा विचारा.

आता ॲक्युम्युलेटर. तो वाईट नाही. नायट्रोजनची जागा १०० मिलिलिटर आणि प्री-चार्ज (तेल येण्याआधीचा वायूचा दाब) ५०० पीएसआय धरू. १००० ला वायू दबून ५० मिलिलिटर होतो, ७०० ला सुमारे ७१. म्हणजे पंप सुरू होईपर्यंत २१ मिलिलिटर तेल हाताशी. दहा थेंबांच्या जागी वीसेक मिलिलिटर! तापमानाचा चढउतार तो सहज गिळतो. पण गळतीही तशीच गिळतो, आणि आतलं सील मरत चाललंय हे सांगणारा आवाजच बंद करतो. म्हणून दोष काढल्यानंतर आणि दाबाचं माप असेल तरच तो बसवा. प्री-चार्ज तेलाचा दाब शून्य करून मोजायचा. भरायचा फक्त कोरडा नायट्रोजन. ऑक्सिजन तेलाशी गाठ पडला की स्फोट होतो. ॲक्युम्युलेटर असताना डंप ओढल्यावर साठलेला दाब उतरायला वेळ लागतो, तो वहीतल्या जुन्या वेळेशी ताडून पाहा. वजन आणि बॅलन्सचा कागदही नव्याने करा.

तेल आणि सील. बहुतेक किटमध्ये लाल खनिज तेल, एमआयएल ५६०६. त्याला नायट्राइलच्या ओ-रिंग लागतात, एमएस २८७७५ मालिकेतल्या. गाडीचं डॉट-३ किंवा डॉट-४ ब्रेक ऑइल चुकूनही नको, नायट्राइल फुगून लोण्यासारखं होतं. ८३२८२ हे सिंथेटिक तेल उशिरा पेट घेतं आणि त्याच सीलना चालतं, पण कडाक्याच्या थंडीत जास्त घट्ट होतं. पॅक कॉकपिटमागे असेल तर मी ८३२८२ निवडीन.

पायरी चौथी: हवा, दाब, आणि पुन्हा वही

तेल भरून, जॅकवर गिअर पाच-सहा वेळा वर-खाली करून हवा काढा. मध्ये टाकीची पातळी बघत राहा, कारण टाकी कोरडी पडली की पंप पुन्हा हवा ओढतो. नव्या नळ्यांना हातपंपाने कामाच्या कमाल दाबाच्या दीडपट दाब द्या. सेंडर आणि स्विच तो झेलतील का ते आधी पाहा, नसतील झेलत तर वेगळे काढा.

नंतर पहिल्या पायरीतल्या सगळ्या चाचण्या त्याच क्रमाने. फ्री-फॉल तीनदा नव्हे, दहादा. जॅकवर वारा नसतो, म्हणून नोज-व्हीलच्या आसाला ताणकाटा लावून किटने सांगितलेल्या जोराने मागे ओढत फ्री-फॉल घ्या. तरीही लॉक बसलं पाहिजे. जरा शंका वाटली तर गॅस-स्प्रिंग नवी घाला. नोज-गिअर कोसळून प्रॉपेलर जमिनीला घासला तर लागणाऱ्या प्रॉपेलर आणि इंजिनच्या तपासणीपेक्षा ती फार स्वस्त आहे.

पायरी पाचवी: हवेत

पहिलं उड्डाण गिअर खालीच ठेवून. उतरून काउल (इंजिनवरचं आवरण) काढा आणि प्रत्येक फिटिंगखाली पांढरी चिंधी फिरवा, ५६०६ चा लाल डाग लगेच दिसतो. दुसऱ्या उड्डाणात धावपट्टीच्या वर भरपूर उंची घेऊन, गिअरच्या ठरलेल्या वेगाच्या बराच खाली राहून एकदाच वर-खाली. जमिनीवर दुर्बीण घेऊन रेडिओवर बोलणारा एक माणूस हवा. तिसऱ्यात अर्धा तास सपाट उडून पंपाचे दिवे मोजा. त्यानंतरच हवेतला फ्री-फॉल: वेग कमी करा, पंपाचा ब्रेकर ओढा, हँडल डाउन, डंप उघडा, सेकंद मोजा. हँडल आधी डाउन करायचं ते अशासाठी की घाईत कुणी ब्रेकर परत दाबला तरी पंपाने चाकं वर ओढू नयेत. हा क्रम डंप व्हॉल्व्हच्या शेजारी पट्टीवर लिहिलेला हवा. उतरल्यावर व्हॉल्व्ह बंद करायला विसरू नका.

माझ्या विमानात आता पंप चढताना एकदा चालतो, पुढे दोन तास गप्प. ॲक्युम्युलेटर अजून बसवलेला नाही. तो पांढरा तंतू पारदर्शक चिकटपट्टीखाली लॉगबुकात चिकटवलाय, शेजारी तारीख, दोन्ही वेळचे दाब आणि फ्री-फॉलचे दहा आकडे.